सांगायची राहून गेलेली स्कीम

'बोलणाऱ्याची बोरे विकतात' अशी एक म्हण आपल्याकडे आहे. विक्रीच्या धंद्यात बोलण्याला किती महत्त्व आहे, हे पटवण्यासाठी ती नेहमी वापरली जाते. पण विकणारा बोलला नाही तर घेणाऱ्याचेही नुकसान होते, ही बाजू त्या म्हणीत येत नाही. प्रस्तुत लेखात मी त्या दुसऱ्या बाजूविषयी लिहिणार आहे. विषय साधा आणि घरगुती आहे. घरोघर भरणाऱ्या विक्रीच्या बैठकीत कंपनीने गिऱ्हाइकासाठी जी सवलत दिलेली असते, ती आठवणीने सांगणे, एवढाच. आमच्या क्रमिक पुस्तकात यावर धडा नाही. आमच्या घरात मात्र हा रोजचा विषय आहे, कारण माझी आई गेली सात वर्षे अशा बैठकी घेते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, आणि माझी फी बरीचशी या बैठकींतूनच येते.

बैठकीचे स्वरूप आधी सांगते, कारण आपल्या प्राध्यापकवर्गातील पुरुषमंडळींना ते ठाऊक असण्याचा संभव कमी! एखादी बाई आपल्या घरी ओळखीच्या दहाबारा जणींना बोलावते. विक्री करणारी पिशव्या भरून नमुने घेऊन येते, एकेक वस्तू हाताळून दाखवते, कॅटलॉग फिरवते. चहापोहे होतात. शेवटी ज्याच्या त्याच्या नावाने ऑर्डर लिहिली जाते आणि माल आठवड्याभरात घरपोच मिळतो. विकणारीला ठरावीक कमिशन मिळते. जिच्या घरी बैठक झाली तिलाही विक्रीच्या प्रमाणात भेटवस्तू मिळते. आमच्याकडच्या बायका या बैठकीला 'डेमो' आणि सवलतीला 'स्कीम' म्हणतात. मीही तेच शब्द वापरते.

ही रीत मूळची अमेरिकेतली. स्टॅनले होम प्रॉडक्ट्स ही ब्रश आणि साफसफाईच्या वस्तू विकणारी कंपनी तेथे अशा घरगुती बैठकी भरवीत असे. ब्राउनी वाइज नावाची एक घटस्फोटित स्त्री, एका मुलाची आई, या कंपनीचा माल विकून संसार चालवीत होती. १९४६ च्या सुमारास अर्ल टपर यांनी आपले टपरवेअरचे प्लॅस्टिकचे डबे बाजारात आणले. डबे उत्तम, पण दुकानाच्या फळीवर ते पडून राहू लागले. कारण त्यांचे झाकण नव्या तऱ्हेचे होते. ते दाबून आतली हवा थोडी बाहेर काढली म्हणजे घट्ट बसे, आणि ही युक्ती कोणी हातात घेऊन दाखवल्याशिवाय कळत नसे. वाइजबाईंनी ती बैठकींतून दाखवली आणि एवढा माल खपवला, की १९५१ साली टपर यांनी त्यांना कंपनीच्या उपाध्यक्ष नेमले व दुकानांतली विक्री बंद करून केवळ बैठकींतून विकण्याचे ठरवले. १९५४ साली 'बिझनेस वीक' या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे छायाचित्र आले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढे १९५८ मध्ये टपर यांनीच त्यांना कामावरून दूर केले, हा भाग निराळा. ही कंपनी भारतात १९९६ साली आली. २०२४ साली मूळ अमेरिकन कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पण बैठकीची रीत केवळ तिच्या डब्यांपुरती कधीच नव्हती. साड्या, मसाले, सौंदर्यप्रसाधने, सगळेच असे विकले जाते.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात येते. फळीवर ठेवलेली वस्तू जे सांगू शकत नव्हती, ते बाईने तोंडाने सांगितले, म्हणून ही पद्धत जन्माला आली. स्कीमही तशीच आहे. डबा डोळ्यांना दिसतो. त्यावरची सवलत दिसत नाही. ती सांगावीच लागते.

स्कीमचे प्रकार साधारणपणे तीन. पहिला, महिन्याची सवलत: ठरावीक रकमेची खरेदी केल्यास एखादी वस्तू कमी किमतीत. दुसरा, बैठक भरवणारीची भेट. तिसरा, त्या बैठकीत जी बाई पुढची बैठक आपल्या घरी ठरवील तिला मिळणारी भेट. भेट देऊन गिऱ्हाईक जोडण्याची कल्पना टपरवेअरहूनही जुनी आहे. डेव्हिड मॅककॉनेल हे गृहस्थ अमेरिकेत दारोदार पुस्तके विकत आणि सोबत अत्तराचा नमुना फुकट देत. बायकांना पुस्तकापेक्षा अत्तरच अधिक आवडते, हे पाहून त्यांनी १८८६ साली अत्तराचीच कंपनी काढली. तीच पुढे 'एव्हन' या नावाने प्रसिद्ध झाली.

मग एवढी महत्त्वाची गोष्ट सांगायची राहते कशी? आईच्या बैठकींना मी अनेकदा मदतीला असते, त्यावरून मला तीन कारणे दिसतात. एक म्हणजे स्कीम दर महिन्याला बदलते. मागच्या महिन्याची तोंडपाठ होते न होते तोच नवी येते. दुसरे, दाखवणारीचे सगळे लक्ष हातातल्या वस्तूत असते, आणि शेवटी ऑर्डरी लिहिताना एकच गर्दी उडते. कोणाचे मूल रडत असते, कोणाला पाण्याची वेळ गाठायची असते. तिसरे कारण मात्र मनातले आहे. ओळखीच्या, नात्यातल्या बायकांपुढे 'आणखी एवढे घ्या, म्हणजे ते मिळेल' असे म्हणायला जीभ अडखळते. आपण लोभी दिसू, अशी भीती वाटते. संकोचापोटी गप्प बसणे आपल्याला सभ्यपणाचे वाटते.

परंतु हा सभ्यपणा कोणाला महागात पडतो? दोन वर्षांपूर्वीची हकीगत सांगते. कंपनीचे नाव सांगण्याचे येथे कारण नाही. त्या महिन्यात पंधराशे रुपयांच्या खरेदीवर चारशेचा एक डबा निम्म्या किमतीत होता. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई बैठकीला होत्या. त्यांनी कॅटलॉग चाळला, इंग्रजीत छापलेली चौकट वाचली, आईला विचारले आणि डबा घेतला. त्यांच्याच शेजारी आमच्या गल्लीतल्या एक काकू बसल्या होत्या. त्यांची खरेदी सोळाशेवर गेली होती. पण काकूंनी कॅटलॉगातली चित्रे तेवढी पाहिली, कारण त्यांना वाचता येत नाही. गर्दीत आईकडून सांगायचे राहिले. माल वाटताना गोष्ट उघडकीस आली, तोवर महिना संपला होता. आईने उरलेले दोनशे रुपये स्वतःच्या अंगावर घेतले आणि काकूंना तो डबा निम्म्या किमतीत दिला. काकूंनी तो घेतला, पण एवढे म्हणाल्याच, "तुझ्या बैठकीत वाचता येणाऱ्यालाच स्वस्त मिळतं व्हय गं?"

त्या प्रश्नाने मला या विषयाकडे पाहण्याची दृष्टी दिली. स्कीम सांगितली नाही, तरी ती सगळ्यांचीच बुडते असे नाही. जी वाचू शकते, जी धीटपणे विचारते, तिला ती मिळतेच. बुडते ती फक्त न वाचणारीची आणि न विचारणारीची. म्हणजे ज्या बाईला दोनशे रुपयांची खरी गरज, नेमकी तीच मागे राहते. विकणारीच्या मनात पक्षपात नसतो, पण तिच्या विसरण्यातून पक्षपात घडतो. म्हणून स्कीम सांगणे ही गिऱ्हाइकावर केलेली मेहेरबानी नव्हे आणि लालूच तर नव्हेच. तो हिशेबाचा भाग आहे. वजन करताना काटा जसा सर्वांना सारखा, तशी स्कीमही सर्वांना सारखी सांगितली पाहिजे. संक्रांतीच्या हळदीकुंकवात आपण दारी आलेल्या एकीला वाण देऊन दुसरीला रिकाम्या हाती पाठवत नाही. त्या हळदीकुंकवात विधवांना न बोलावण्याचा जुना दोष आहे. विक्रीच्या बैठकीत तोही नसतो. आईच्या बैठकीला सगळ्या येतात. मग तेथे तरी भेद का राहावा?

आता उपायांविषयी. तेव्हापासून आमच्या घरी काही रीत बसली आहे, ती इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून देते. महिन्याच्या आरंभी कॅटलॉग आला, की मी तो आईला मराठीत वाचून दाखवते. माझी आई सातवीपर्यंत शिकली आहे. स्कीम, तिची अट आणि शेवटची तारीख या तीन गोष्टी आम्ही मोठ्या अक्षरांत एका पुठ्ठ्यावर लिहितो आणि तो पुठ्ठा ऑर्डरवहीतच ठेवतो, म्हणजे वही उघडली की तो हाताला लागतो. बैठकीत स्कीम तीनदा सांगायची: आरंभी सर्वांना मिळून, ती वस्तू दाखवताना, आणि प्रत्येकीची बेरीज झाल्यावर तिला एकटीला. तिसरी वेळ सर्वांत महत्त्वाची, कारण कोण कोणत्या रकमेवर आहे हे तेव्हाच कळते. वहीत प्रत्येक नावापुढे एक रकाना आखला आहे. स्कीम सांगितली, की तेथे बरोबरची खूण. खूण नसेल तर ऑर्डर पुरी झाली असे आई समजत नाही. जी बाई बैठकीला न येता निरोपाने ऑर्डर देते, तिच्या नावापुढेही हीच खूण लागते. तिचीच स्कीम राहून जाण्याचा संभव अधिक.

मात्र सांगणे वेगळे आणि गळ्यात मारणे वेगळे. एक हिशेब पाहा. एखादीची खरेदी १,३८० रुपये झाली. १२० रुपयांची आणखी एक वस्तू घेतली की पंधराशे होतात आणि चारशेचा डबा दोनशेला मिळतो. वरवर पाहता दोनशेचा फायदा. पण खिशातून जादा गेले ३२० रुपये. त्या दोन्ही वस्तू तिला हव्या असतील तर फायदा खरा. नको असतील तर ३२० रुपयांचा खर्चच. हा हिशेबही सांगणारीनेच मांडून दाखवावा. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९८४ सालच्या आपल्या 'इन्फ्लुअन्स' या पुस्तकात अशा बैठकींचे उदाहरण घेतले आहे. विक्रेत्यापेक्षा यजमान मैत्रिणीच्या भिडेनेच बायका अधिक खरेदी करतात, असे ते दाखवतात. जेथे भीड आधीच एवढी, तेथे शब्द मोजूनच वापरले पाहिजेत.

कायद्यानेही ग्राहकाला माहितीचा हक्क दिला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क नमूद आहे. थेट विक्रीसाठी २०२१ साली स्वतंत्र नियम झाले. किंमत, पैसे देण्याच्या अटी, माल परत करण्याची सोय यांची अचूक व पूर्ण माहिती विकणाऱ्याने द्यावी, असे ते सांगतात. पण गल्लीतली बाई कायद्याचे पुस्तक घेऊन बैठकीला येत नाही. ती बोलावणारीच्या शब्दावर येते.

आपल्या कॉलेजात माझ्यासारखे अनेक जण असतील, ज्यांची आई, मावशी किंवा वहिनी काहीतरी विकून घराला हातभार लावते. आपण शिकतो ते त्यांच्या कमाईवर. तेव्हा महिन्यातली एक संध्याकाळ त्यांच्याजवळ बसून तो इंग्रजी कॅटलॉग मराठीत उतरवून द्यायला काय हरकत आहे? त्याला पुठ्ठ्याचा एक तुकडा आणि अर्धा तास पुरतो.