संगणकाचा डोळा : अल्प खर्चात कॅमेऱ्याची निवड

गोव्यातील शाळांतून संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचे व यंत्रमानव जुळविण्याचे शिक्षण गेल्या काही वर्षांत सुरू झाले आहे. कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रावरून वस्तू ओळखण्यास संगणकाला शिकविणे, हा या शिक्षणाचाच पुढील टप्पा होय. या विद्येस संगणकीय दृष्टी असे म्हणतात. तिच्यासाठी लागणारी ओपनसीव्हीसारखी साधने विनामूल्य मिळतात. खर्च येतो तो कॅमेऱ्याचा. शाळेजवळची बेताची रक्कम अयोग्य कॅमेऱ्यात अडकून पडली, तर मुलांचा उत्साहही तेथेच मावळतो. म्हणून ही निवड विचारपूर्वक होणे अगत्याचे आहे.

उदाहरणादाखल काजूगरांची प्रतवारी घेता येईल. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणलेले हे झाड आज गोव्याच्या डोंगरउतारांवर सर्वत्र दिसते. व्यापारात गराची प्रत त्याच्या आकारावरून ठरते. ‘डब्ल्यू-३२०’ या प्रतीत एका पौंडास ३०० ते ३२० अखंड गर बसतात. अखंड गर, पाकळी आणि तुकडा यांच्या दरांत बराच फरक असल्यामुळे निवडीतील चूक म्हणजे थेट पैशाचे नुकसान. कारखान्यातील स्त्रियांच्या सरावलेल्या नजरेची बरोबरी शाळेतील यंत्राने करावी, अशी अपेक्षा नाही. परंतु ताटातील गर मोजणे व त्यांतील पाकळ्या वेगळ्या ओळखणे एवढे काम विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे.

दुकानात गेल्यावर पहिली जाहिरात कानी पडते ती मेगापिक्सेलची. वास्तविक खरेदीपूर्वी प्रयोगाच्या जागी मोजपट्टी लावून पाहावी. ताट ३२ सेंटिमीटर लांब असेल आणि चित्राच्या लांबीत १,२८० चित्रबिंदू असतील, तर प्रत्येक मिलिमीटरच्या वाट्याला ४ बिंदू येतात. अडीच सेंटिमीटरचा गर मग १०० बिंदूंएवढा दिसतो. पाकळी ओळखण्यास हे पुरेसे असून, त्यासाठी संगणकाला जोडावयाचा साधा वेबकॅमही चालतो. केसासारखी बारीक चीर मात्र या मापात हरवते. ती हवी असल्यास अधिक किमतीचा कॅमेरा घेण्याआधी ताट निम्मे करून कॅमेरा जवळ आणून पाहावा. शिवाय वस्तू ओळखणाऱ्या प्रचलित आज्ञावली बहुधा मोठे चित्र आधी लहान करून घेतात. कित्येकदा ते लांबीरुंदीत ६४० बिंदूंवर आणले जाते. विकत घेतलेले जादा बिंदू अशा वेळी वायाच जातात.

बिंदूंची संख्या आणि किंमत यांचा संबंध किती सैल आहे, हे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या कॅमेऱ्यांवरून दिसते. २०२३ साली त्याचे दोन कॅमेरे बाजारात आले. एक सुमारे १२ मेगापिक्सेलचा, किंमत २५ डॉलर. दुसरा अवघ्या १.६ मेगापिक्सेलचा, किंमत ५० डॉलर, आणि भिंग निराळे घ्यावयाचे. दुसरा महाग, कारण तो संपूर्ण चित्र एकाच क्षणी टिपतो. सामान्य कॅमेरा चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे वेगाने सरकणारी वस्तू त्यात तिरकी होते. सरकत्या पट्ट्यावरील माल तपासावयाचा असेल तर हा दुप्पट खर्च योग्य ठरेल. शाळेने मात्र पट्ट्याचा हव्यासच धरू नये. ताट स्थिर ठेवले की अडचणच उरत नाही.

गतीचा आणखी एक त्रास आहे. पट्टा सेकंदाला २० सेंटिमीटर सरकत असेल आणि कॅमेरा सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत उजेड घेत असेल, तर तेवढ्यात गर २ मिलिमीटर पुढे जातो आणि चित्र फरकटते. ही वेळ दहापट कमी केली तर उजेड दहापट लागतो.

उजेडाचा हा प्रश्न अनेकदा शेवटी आठवतो, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. पांढऱ्या ताटात पांढरा गर शोधणे माणसालाही कठीण. म्हणून ताटात काळा किंवा गडद निळा पुठ्ठा घालावा. दिव्याची तिरीप गरावर चमकू नये यासाठी मध्ये पातळ पांढरा कागद किंवा कापड ताणावे, पण ते तापणाऱ्या दिव्याला टेकू देऊ नये. खिडकीचा प्रकाश ढगागणिक बदलतो, तो पडदा लावून अडवावा. आपल्याकडील वीजप्रवाह ५० हर्ट्झचा असल्याने अनेक दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला ते जाणवत नाही, चित्रावर मात्र आडवे पट्टे उमटतात. उजेड घेण्याचा काळ सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवला की हे पट्टे नाहीसे होतात.

कॅमेऱ्याचे स्वयंचलित गुण येथे दोष ठरतात. ताटात गर वाढले की पांढरेपणा वाढतो, मग कॅमेरा आपणहून चित्र काळपट करतो आणि कालपर्यंत ओळखला जाणारा गर संगणकाला आज परका वाटतो. प्रकाश, रंग व फोकस ही तिन्ही हाताने निश्चित करता येतात काय, हे विक्रेत्याला आवर्जून विचारावे. ज्यात ती बांधता येत नाहीत असा कॅमेरा कितीही स्वस्त असला तरी टाळावा.

पहाऱ्यासाठी विकले जाणारे कॅमेरे या कामास फारसे उपयोगी नाहीत. त्यांचे भिंग रुंद असल्याने कडेच्या वस्तू वाकतात, आणि साठवण वाचविण्यासाठी चित्र दाबून पाठविले जाते. याउलट घरात पडून असलेला जुना मोबाईल घट्ट स्टँडवर बसविला, तर पहिल्या प्रयोगासाठी काहीच खरेदी करावी लागत नाही. त्यातूनच अंतर, उजेड व ताटाचे माप निश्चित होते.

पुढे कॅमेरा घेतेवेळी सोबत वर्तमानपत्राचे पान न्यावे. ठरलेल्या अंतरावर ते धरून त्याचे चित्र संगणकावर पाहावे. मधली आणि चारही कोपऱ्यांतील बारीक अक्षरे स्पष्ट वाचता आली पाहिजेत. काही वेबकॅमना जवळचे नीट दिसतच नाही. खरेदीनंतर पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरू नये म्हणून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा.