अर्धशिशी आणि उजेड
महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस डोकं दुखतं, त्यांतले निदान ८ दिवस अर्धशिशीचे असतात आणि हे ३ महिन्यांहून जास्त चालतं, तेव्हा डॉक्टर तिला जुनाट अर्धशिशी म्हणतात. अशा माणसाला ट्यूबलाइटही सोसवत नाही. हे नखरे नव्हेत. घरच्यांनी आधी एवढं मानावं. डोळ्याच्या पडद्यातल्या, उजेडाची केवळ तीव्रता टिपणाऱ्या काही पेशींचे संदेश मेंदूत वेदनेच्या वाटेला जाऊन मिळतात. म्हणूनच दृष्टी गेलेल्या, पण उजेड-अंधार जाणवणाऱ्या रुग्णांचीही कळ उजेडाने वाढते. उन्हात गॉगल, टोपी जरूर वापरा. घरात मात्र सतत काळा चष्मा नको: डोळे अंधाराला सरावतात आणि उजेड आणखी बोचतो. वेदनाशामक गोळ्याही जपून घ्या. महिन्यातून १०-१५ दिवस त्या पोटात जात राहिल्या, तर काही महिन्यांत त्यांच्यामुळेच डोकं दुखू लागतं.