आरोग्यकेंद्रांतील हंगामी मदतनीस

दिवाळी सरली कीं शिरूर व दौंड तालुक्यांच्या बागाईत पट्ट्यांत, उसाच्या फडांशेजारीं, कोप्या उभ्या राहूं लागतात. बीड, अहिल्यानगर आदि जिल्ह्यांतून तोडणी कामगारांच्या टोळ्या येतात व गळिताचा हंगाम संपेपर्यंत येथेंच मुक्काम करतात. भीमा व घोड या नद्यांच्या कांठचीं गांवें अशा रीतीनें चार-पांच महिने गजबजतात. परंतु सपाट प्रदेशांत सुमारें ३०,००० लोकांमागें एक प्राथमिक आरोग्यकेंद्र व सुमारें १,००० लोकांमागें एक आशा कार्यकर्ती, हा जो सरकारी हिशेब आहे, तो कायम वस्तीचा आहे. हंगामापुरतीं आलेलीं माणसें त्यांत बसत नाहींत. आरोग्यकेंद्रास तात्पुरत्या मदतनिसाची गरज भासते ती येथें.

अशा मदतनिसाचें काम वरवर पाहतां किरकोळ दिसतें. केसपेपर काढून देणें, बालकांचीं वजनें नोंदविणें, लसीकरणाच्या दिवशीं वस्तीवर निरोप पोंचविणें, वृद्ध रुग्णास डॉक्टरांपर्यंत नेऊन बसविणें, हीं तीं कामें. रोगाचें निदान करणें किंवा स्वतःच्या मतानें औषध देणें हें तिचें काम नव्हे, व तें तिनें करूंहि नये. तथापि एक गोष्ट तिच्यावांचून अडते. ती म्हणजे लोकांचें बोलणें केंद्राला व केंद्राचें बोलणें लोकांना समजणें.

‘अंगावरून जातें’ एवढेंच शब्द उच्चारून एखादी स्त्री मान खालीं घालते. त्यांतील दुखणें ओळखण्यास बायकांची बोली जाणणारी बाईच हवी. गरोदर स्त्री पपई जशी ‘उष्ण’ म्हणून टाळते, तशीच लोहाची गोळीहि ‘उष्ण पडते’ म्हणून मध्येंच सोडते. ‘हें अज्ञान आहे’ असें म्हटल्यानें ती गोळी पुन्हां सुरू होत नाहीं. ‘जेवण झाल्यावर लिंबाच्या सरबताबरोबर घे, चहाबरोबर मात्र घेऊं नकोस,’ असें सांगितलें तर होते. आणि हा सल्ला शास्त्रासहि धरून आहे. या भागांतील पारधी वस्त्यांवर तर प्रश्न केवळ बोलीचा नाहीं. ज्या जमातींना ब्रिटिश अमदानींतील कायद्यानें जन्मतःच गुन्हेगार ठरविलें व ज्यांची त्यांतून पूर्ण सुटका १९५२ सालीं झाली, त्यांतील एखाद्या आजीला वही घेऊन दारीं आलेल्या परक्या माणसाची भीति वाटली, तर नवल नव्हे. तेथें त्याच वस्तीवरील मुलगी मदतनीस असेल, तर दार लौकर उघडतें.

उसाच्या फडावर निराळीच अडचण असते. नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरला जातो व मुकादमाकडून उचल आधींच घेतलेली असते. एक दिवस काम चुकलें तर ‘खाडा’ पडतो व पैसे कापले जातात. जोडपें पहांटेपूर्वीं फडांत जातें. म्हणून सकाळीं दहा वाजतां ‘बाळाला घेऊन या’ हा निरोप व्यर्थ ठरतो. बाळाला सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत लस द्यावयाची असते. सहाव्या आठवड्याची लस मूळ गांवीं मिळते. पुढील दोन्ही वेळां मात्र, जेथें त्या बाळाचें नांव कोणत्याहि वहींत नाहीं, अशा ठिकाणीं येतात. सायंकाळीं कोपीकोपीतून फिरून तें नांव वहींत आणणें हें मदतनिसाचें सर्वांत मोलाचें काम होय.

गांवच्याच बायकांच्या हातीं आरोग्याचें काम सोपविण्याची कल्पना या परिसरास नवी नाहीं. शिरूर तालुक्यांतील वढू बुद्रुक येथें पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनीं १९७० नंतरच्या दशकांत याच मार्गानें ग्रामीण आरोग्याचें कार्य उभारलें. १९९३ सालीं त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० पासून, अनेकदां निरक्षर असलेल्या, ग्रामीण स्त्रियांना शिकवून तेंच सिद्ध केलें.

परंतु इतिहासांत एक इशाराहि आहे. २ ऑक्टोबर १९७७ रोजीं केंद्र सरकारनें गांवोगांवीं आरोग्यरक्षक नेमण्याची योजना सुरू केली. तीन महिन्यांचें शिक्षण व दरमहा ५० रुपये मानधन असें तिचें स्वरूप होतें. काम मोठें, मोबदला तुटपुंजा आणि हुद्दा संदिग्ध, अशी ती स्थिति होती. पुढें ती योजना विरून गेली. २००५ नंतर आलेल्या आशा कार्यकर्तींनाहि मानधनासाठीं वारंवार संप करावा लागला आहे. मग तीन-चार महिन्यांसाठीं आलेल्या मदतनिसाची आबाळ किती सहज होईल, हें सांगावयास नको.

म्हणून केंद्रानें तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, कामाची मर्यादा व मोबदला आरंभींच स्पष्ट सांगावा आणि तो वेळेवर द्यावा. दुसरी, पहिल्या आठवड्यांत जुन्या कार्यकर्तीनें तिला घरोघरीं स्वतः नेऊन ओळख करून द्यावी. तिसरी, निघण्यापूर्वीं तिच्याकडून वही समजावून घ्यावी: कोणत्या कोपींत कोणाचे दिवस भरत आले आहेत, कोणत्या बाळाची लस राहिली आहे, कोणत्या आजींचा रक्तदाबाचा औषधोपचार चालू आहे. टोळी गांवाकडे परततांना बाळाचें माता-बाल संरक्षण कार्ड आईच्या गाठोड्यांत आहे ना, हेंहि पाहावें. मदतनीस जाईल, टोळीहि जाईल. तें कार्ड बरोबर असलें, म्हणजे पुढच्या गांवच्या परिचारिकेला तें बाळ अनोळखी राहणार नाहीं.