संबळ रक्तात नसतो

आमच्या धाराशिव-तुळजापूरकडं लग्न झालं की घरात गोंधळ आलाच. रात्री चौक भरतात, दिवटी पेटते आणि गोंधळ्याच्या कंबरेला बांधलेल्या संबळावर पहिली काडी पडते. मागच्या खेपेला माझ्या मांडीवर भाचीचं आठ-नऊ महिन्यांचं पोर होतं. वाटलं, आता दचकून भोकाड पसरणार. ते मात्र तुणतुण्याकडं टक लावून पाय हलवत बसलं. शेजारून लगेच शेरा आला, "रक्तातच आहे!"

सगळ्यात चिवट गैरसमज हाच. ठेका ओळखायची ताकद उपजत असते, इतपत खरं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या हंगेरीतल्या प्रयोगात झोपलेल्या नवजात बाळांना ठेका ऐकवला. मधूनच त्यातला पहिला ठोका गाळला, तर त्यांच्या मेंदूनं ती चूक टिपली. पण कुठला ठेका आपला वाटावा, हे रक्त ठरवत नाही. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब या संशोधकांनी उत्तर अमेरिकेतल्या बाळांना बाल्कन देशांतल्या विषम मात्रांच्या चाली ऐकवल्या. ठेका बिघडला की सहा महिन्यांच्या बाळांना कळायचं, वर्षाच्या बाळांना कळेना. तोवर त्यांचे कान घरातल्या सरळ ठेक्यांना सरावले होते. दोन आठवडे ते संगीत घरी लावल्यावर वर्षाच्या बाळांना पुन्हा कळू लागलं. मोठ्यांना तेवढ्यानं काही भागलं नाही. आपला रूपक सात मात्रांचा, पण लहानपणापासून कानावर असल्यानं तो आपल्याला वाकडा वाटत नाही. गोंधळ्याच्या पोराचंही तेच. बाप गातो तेव्हा ते साथीला गाणाऱ्या झीलकऱ्यांच्या पायाशी पेंगत असतं. वारसा आहेच, पण तो असा जागून मिळालेला.

दुसरा समज दुकानात विकत मिळतो: मोझार्ट लावा, बाळ हुशार होईल. १९९३ च्या ज्या प्रयोगावरून हे पीक आलं, त्यात कॉलेजची ३६ मुलं होती. बाळ एकही नव्हतं. फायदा दिसला तो आकृत्यांच्या कोड्यांत, तोही दहा-पंधरा मिनिटांपुरता. पोटातलं बाळ शेवटच्या महिन्यांत ऐकतं आणि वारंवार ऐकलेली धून जन्मल्यावर ओळखतं, हे मात्र खरं. पण ओळख वेगळी, हुशारी वेगळी. आणि ओळखच करून द्यायची तर आई देवीची गाणी गाणाऱ्या आराधी बायकांच्या मेळ्यात जाऊन बसली तरी पुरे.

"आमच्या वेळची गाणी ती गाणी" यातही गोम आहे. हॉलब्रुक आणि शिंडलर या संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवलं, की माणसाला सगळ्यात लाडकी वाटतात ती साधारण तेविशी-चोविशीच्या सुमाराला गाजलेली गाणी. आज डीजेवर नाचणारा पोरगा साठीत हेच म्हणेल, नाव फक्त दुसऱ्या गाण्याचं घेईल. तरी मोबाइलनं पोरं जुन्या गाण्यांपासून तुटली म्हणून गळा काढू नये. २०१३ मध्ये संशोधक कॅरोल क्रुमहान्सल यांना अमेरिकेतल्या विशीच्या मुलांमध्ये आईबापांच्या तरुणपणची गाणीही जिव्हाळ्याची आढळली. घरात ती वाजत होती, हेच बहुधा कारण.

इकडं तर एकाच पोराच्या कानावर तुळजापूरचा संबळ, गोरोबाकाकांच्या तेरचे टाळ-पखवाज आणि धाराशिवच्या उरुसातली कव्वाली पडते. शास्त्रीय गाणं कळत नाही म्हणून त्याला 'कान नाही' म्हणणं म्हणजे चार भाषा बोलणाऱ्याला संस्कृत येत नाही म्हणून मुका ठरवणं.

काहींना मात्र कुठलंच संगीत भिडत नाही. ऐकू नीट येतं, सूर कळतो, बाकी सगळ्या गोष्टींत आनंदही मिळतो. फक्त गाण्यात मिळत नाही. बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अशी निरोगी माणसं तपासली. आमचे एक काका बहुधा त्यातलेच. गोंधळ मात्र एकही चुकवत नाहीत. रात्रभर दिवटीपाशी बसतात, आणि गाणं ऐन रंगात आलं की म्हणतात, "थांबा रे, तेल घालू द्या."