अर्धं नाव

आमच्या गावाचं पूर्ण नाव पेठ वडगाव. तालुका हातकणंगले, जिल्हा कोल्हापूर. आम्ही मात्र नुसतं ‘वडगाव’ म्हणतो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

वडाचं गाव ते वडगाव. महाराष्ट्रात वडांना काय तोटा? म्हणून प्रत्येक वडगावाला शेपूट जोडावं लागलं. १७७९ साली इंग्रज-मराठ्यांचा तह झाला ते वडगाव मावळ, पुण्यात वडगाव शेरी, बारामतीकडे वडगाव निंबाळकर. आमचं बाजारपेठेचं, म्हणून पेठ. एकाच नावाची दोन गावं जवळजवळ असली, तर मोठं ते बुद्रुक, धाकटं ते खुर्द. हे दोन्ही शब्द फारसीतून आले.

पण शेपूटही फसवतं. पुणे-कोल्हापूर महामार्गावर वाळवा तालुक्यात ‘पेठ’ नावाचंच गाव आहे. पाहुणा पाटी वाचून तिथेच उतरतो. आमचा फाटा पुढे, वाठारला. आणि वाठार स्टेशन? ते सातारा जिल्ह्यात!

यावर हसू येतं. पण माझी आई गेली, तेव्हा मुंबईहून निघालेल्या मामूंनी घाईत ‘एक वडगाव’ म्हणून तिकीट काढलं आणि डोळे मिटले. कंडक्टरने उठवलं ते मावळात. आमच्याकडे पोचेपर्यंत दफन होऊन गेलं होतं. बहिणीला मूठभर माती द्यायची राहिली. “तिकीट स्वस्त पडलं, तेव्हाच कळायला हवं होतं,” एवढंच ते म्हणाले.

तेव्हापासून पत्ता सांगताना मी गाव, तालुका, जिल्हा आणि फाटा, चारही सांगतो. ऐकणारा कंटाळला तरी चालेल. तुम्हीही सांगत जा.