सेंट हेलेना ते असेन्शन : १३०० किलोमीटर

दक्षिण अटलांटिकच्या नकाशावर आफ्रिका आणि ब्राझील यांच्या दरम्यान दोन ठिपके दिसतात. एक सेंट हेलेना, दुसरा असेन्शन. अक्षांश-रेखांशांवरून हिशेब केला तर दोहोंमधलं अंतर सुमारे १३०० किलोमीटर भरतं. ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या जेट विमानाला ते कापायला दीड तासाहून थोडं जास्त. चढण्या-उतरण्याचा वेळ धरला की साधारण दोन तास. पण या हिशेबात वारा कुठेच आलेला नाही.

इथे वर्षभर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि असेन्शन आहे सेंट हेलेनाच्या वायव्येला. म्हणजे शिडाच्या जहाजांना वारा पाठीशी. १६५९ साली ईस्ट इंडिया कंपनीने सेंट हेलेनावर ठाणं मांडलं, ते हिंदुस्थानातून मायदेशी निघालेल्या जहाजांना वाटेत विसावा मिळावा म्हणून. जेम्सटाउनचं बंदर बेटाच्या आडोशाच्या बाजूला आहे. विमानतळाच्या नशिबी आडोसा नव्हता. डोंगराळ बेटावर त्यातल्या त्यात सपाट जागा पूर्वेला, वाऱ्याच्या तोंडावरच सापडली. तिथेही एक घळ सुमारे ८० लाख घनमीटर दगडमातीने बुजवावी लागली, तेव्हा कुठे धावपट्टी बसली.

एप्रिल २०१६ मध्ये बोइंग ७३७ चाचणीसाठी आलं. समुद्रापासून ३०० मीटर उंच असलेल्या या धावपट्टीवर उतरताना वाऱ्याचा वेग आणि दिशा अचानक पालटत होती. उद्घाटन लांबलं. गंमत म्हणजे, जुलै १८३६ मध्ये चार्ल्स डार्विनने इथल्याच एका कड्यावर उभं राहून हे टिपून ठेवलं होतं. तो उभा होता तिथे हवा निश्चल, आणि काही पावलांवर कुररी पक्षी सोसाट्याच्या वाऱ्याशी झुंजत होते. कड्याच्या कडेला जाऊन त्याने हात पुढे केला, तर वाऱ्याचा पुरता जोर हाताला लागला. विमानतळ बांधणाऱ्यांनी हे वाचलं होतं की नाही, असं विचारण्याचा मोह होतोच. तिथून डार्विनच्या बीगल जहाजाला असेन्शन गाठायला पाच दिवस लागले.

अखेर १४ ऑक्टोबर २०१७ रोजी जोहान्सबर्गहून पहिलं नियमित विमान आलं. एम्ब्रेअर १९० मध्ये ९९ आसनं, पण वजनाच्या मर्यादेमुळे सुरुवातीला ७६ प्रवासीच घेतले जात. जवळपास दुसरा विमानतळ नाही. अशा एकाकी ठिकाणी जाणाऱ्या जेटला तिथे पोचल्यावरही सुमारे दोन तास पुरेल एवढं इंधन शिल्लक ठेवावं लागतं. म्हणजे असेन्शनपर्यंतच्या उड्डाणाला लागेल साधारण तेवढंच.

त्याच वर्षी असेन्शनची फेरीही सुरू झाली, महिन्यातून एकदा. असेन्शनवर कायमच्या वास्तव्याचा हक्क कोणालाच नाही. तिथे कामाला जाणाऱ्यांत सेंट हेलेनाचे लोक पुष्कळ. घरी आजारपण असो की लग्न, विमान चुकलं की पुढच्या महिन्याच्या फेरीची वाट बघायची.