करजणमध्ये सही एकाची, जबाबदारी कोणाची? अधिकार सोपवण्याचं गणित समजून घ्या

करजण (जि. वडोदरा) : समजा, गल्लीतली गटार तुंबली. नगरसेवक म्हणतो, चीफ ऑफिसरना भेटा. तिथे कळतं की काम ठेकेदाराला दिलंय. ठेकेदार फोन उचलत नाही. अशा वेळी जबाबदार कोण?

उत्तर सोपं आहे, नगरपालिका. काम दुसऱ्याकडे दिलं म्हणून जबाबदारी दुसऱ्याची होत नाही. सफाईचा ठेका दिला तरी सफाईचं कर्तव्य कायद्याने पालिकेचंच राहतं.

करजण शहराचा कारभार गुजरात नगरपालिका अधिनियम, 1963 नुसार चालतो. मूळ अधिकार निवडून आलेल्या सदस्यांच्या सामान्य सभेचे. पण प्रत्येक बिलासाठी सभा बोलावणं शक्य नाही. म्हणून काही अधिकार कारोबारी समितीकडे, काही इतर समित्यांकडे, तर रोजचं काम चीफ ऑफिसरकडे. इथल्या कागदांवर त्याला ‘सत्ता सोंपणी’ म्हणतात. मात्र ती तोंडी चालत नाही. कायद्यातली तरतूद, नियम किंवा सभेचा ठराव, यांपैकी काहीतरी हवंच. अंदाजपत्रक मंजूर करणं किंवा नवा कर बसवणं हे तर सभेनेच करायचं. आणखी एक, ज्याला अधिकार सोपवला त्याने तो परस्पर तिसऱ्याला देऊन टाकायचा नाही, कायद्यातच तशी मुभा असेल तर गोष्ट वेगळी.

गावांकडे चित्र निराळं. तालुक्यातल्या ग्रामपंचायती गुजरात पंचायत अधिनियम, 1993 खाली येतात. नंदुरबार-धुळ्याकडून आलेल्या कुटुंबांचा इथे हमखास गोंधळ होतो. महाराष्ट्रात तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) महसूल खात्याचा आणि ग्रामपंचायतीला ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) वेगळा. गुजरातमध्ये ‘तलाटी कम मंत्री’ हाच ग्रामपंचायतीचा सचिव. मंत्री म्हटल्यावर गांधीनगरचे मंत्री समजू नका! आपल्याकडच्या गटविकास अधिकाऱ्याच्या जागी इथे तालुका विकास अधिकारी, तोच तालुका पंचायतीचा सचिव. त्याच्या वर जिल्हा पंचायतीत जिल्हा विकास अधिकारी.

या पंचायतींना अधिकार देतं राज्य सरकार. 1992 च्या 73व्या आणि 74व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी 29 आणि नगरपालिकांसाठी 18 विषयांची यादी केली खरी, पण त्यातलं किती द्यायचं हे विधानसभेवर सोडलं. खरी मेख इथेच आहे. सोपवलेलं परतही घेता येतं. शेतजमीन बिनशेती करण्याची परवानगी गुजरातमध्ये बरीच वर्षं पंचायतींकडे होती, पुढे सरकारने ती जिल्हाधिकाऱ्यांकडे नेली. वडोदरा आणि भरूचच्या मधे, हायवेलगत असलेल्या करजणसारख्या तालुक्यात हा फरक लहान नाही. जमिनीचा निर्णय निवडून आलेल्यांच्या हातून सुटला.

एरवी मात्र ‘ते माझ्या हातात नाही’ हे उत्तर मिळालं की लोक परत फिरतात. त्याऐवजी, मग हातात कोणाच्या आहे आणि कोणत्या ठरावाने, एवढं लेखी विचारा. माहिती अधिकार कायदा, 2005 खाली त्या ठरावाची नक्कल मागता येते. उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जात ठरावाची तारीख माहीत नसली तरी चालेल, विषय आणि साधारण वर्ष लिहा. उत्तर आलंच नाही तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं.